वारंवार तोल जाणे, पडणे : कारण शोधल्याशिवाय राहू नका



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांबद्दल लिहितो. यावेळचा विषय वेगळा आहे, पण त्याचा उसाशी काही संबंध नाही असे कोणी समजू नये. ऊस पिकवणारा माणूसच पाटाच्या काठावर, धुऱ्यावर किंवा घरच्या न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडून बसला, तर त्या घरचा सगळा हंगाम त्याच्याबरोबर खाटेवर पडतो. मग लागवडीची कोण पाहणार, बँकेत कोण जाणार आणि त्याच्या उशाशी कोण बसणार, असे तीन प्रश्न एकाच दिवशी उभे राहतात.

केळझर-सेलू भागात चार माणसे बसली की हे बोलणे कानावर येतेच. "बुढ्याचा झोक जाते जी." "माय काल पण पडली, पण लागलं नाही काही." "पाय गुतला अशीन." आणि शेवटी ठरलेले वाक्य : "आता वय झालं, चालाचंच." आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. वय वाढले की पडण्याचा धोका वाढतो हे खरे. पण नुसत्या वयाने कोणी पडत नाही. त्यामागे दुसरे काही तरी असते, आणि पुष्कळदा ते सापडते व दुरुस्तही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो. तेव्हा ही गोष्ट "चालाचंच" म्हणून सोडण्यासारखी नाही.

ओल्या पाचटावर पाय घसरला, सरीत अडखळला, तर तो अपघात. त्याचा बाऊ करू नये. पण वर्षात दोन वेळा किंवा अधिक, सपाट जागी, काही निमित्त नसताना माणूस पडत असेल, किंवा चालताना भिंतीला, खांबाला हात लावल्याशिवाय चालवत नसेल, तर तपासणी करून घेतलीच पाहिजे.

आधी तोल सांभाळला जातो कसा ते पाहू. गाडी कारखान्यावर आली की वजनकाट्याची पावती, शेतकी खात्याची नोंद आणि गेटवरची नोंद अशा तीन नोंदी जुळाव्या लागतात. शरीराचेही तसेच आहे. पहिली नोंद डोळ्यांची. दुसरी आतल्या कानाची. तेथे पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात, आणि गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा जसा कल दाखवतो तशा त्या डोके कुठे वळले ते मेंदूला कळवतात. तिसरी नोंद तळपायांची व सांध्यांची : जमीन मऊ की कडक, उतार कोणीकडे. या तिन्ही नोंदी मेंदू क्षणाक्षणाला जुळवतो आणि पायांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. एक नोंद बिघडली तरी दोघांच्या जोरावर माणूस उभा राहतो. दोन बिघडल्या की पडतो.

म्हणूनच पुष्कळांचे पडणे रात्री सुरू होते. तळपायांची जाणीव आधीच कमी झालेली असते, दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात. अंधार पडला की डोळ्यांची नोंद बंद. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, असे कोणी सांगितले तर ते थट्टेवारी नेऊ नये. डॉक्टर लोक या एका वाक्यावरून बरेच ओळखतात. ज्या शिवारात ओलिताची लाईन रात्रीची असते तेथे ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते सांगायला नकोच.

आता "चक्कर" या शब्दाबद्दल. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमाने बकासुराला मारले ते हेच गाव, अशी आपल्याकडची समजूत आहे. पण म्हणून सगळ्या दुखण्याला चक्कर म्हणावे असे नाही! हा शब्द म्हणजे पोते आहे, त्यात काहीही भरता येते. दवाखान्यात "मले चक्कर येते" एवढेच सांगितले तर डॉक्टर पोत्याकडे पाहून गोळी देतो. पोते उघडून सांगितले पाहिजे. घर गरगर फिरते? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? डोके अगदी ठीक, पण पायच ठरत नाहीत? की शुद्धच जाते आणि पडल्यावर कळते? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी.

घर गरगर फिरणे. बाजेवर कूस बदलली, वर माळ्याकडे पाहिले, खाली वाकलो, की अर्धा-एक मिनिट सगळे फिरते, मळमळते आणि मग थांबते. हा बहुधा कानातल्या खड्यांचा खेळ असतो. आतल्या कानात चुन्याच्या जातीचे अगदी बारीक कण एका जागी चिकटलेले असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटतात आणि त्या अर्धगोल नळीत जाऊन बसतात. मग डोके हलले की कण हलतात आणि मेंदूला खोटी नोंद जाते. या दुखण्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो डोके ठराविक क्रमाने वळवून कण पुन्हा जागेवर नेण्याचा. अमेरिकेतील जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत मांडली तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी तिची टर उडवली होती. आज जगभर तीच वापरली जाते. कानाच्या डॉक्टरकडे पाच-दहा मिनिटांचे काम आहे, आणि पुष्कळांना पहिल्या-दुसऱ्या खेपेसच आराम पडतो. सहा-सहा महिने चकरेच्या गोळ्या खाणारी माणसे पाहिली की वाईट वाटते, कारण त्या गोळ्यांनी सुस्ती येते आणि सुस्तीने तोल आणखी जातो. मात्र कोणत्या कानात आणि कोणत्या नळीत बिघाड आहे हे तपासून घेतल्याशिवाय, कोणाचे पाहून घरी मान वळवत बसू नये.

उठल्यावर अंधारी येणे. बसलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. शिरा आवळून शरीर ते लगेच वर ढकलते. हे आवळणे मंद झाले की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. सकाळी बाजेवरून उठताना, रात्री लघवीला जाताना, जेवणानंतर लगेच उठताना हे विशेष होते. वर्ध्याकडच्या मे महिन्यात, शेतात घाम गाळून पाणी कमी प्यालेल्या माणसाला तर होणारच. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या गोळ्या, म्हातारपणी लघवी अडते त्यावरच्या काही गोळ्या, आणि झोपेच्या गोळ्या यांनीही होते. तपासणी फुकट आणि सोपी आहे : पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चोर सापडला. बहुतेक ठिकाणी रक्तदाब बसवूनच मोजतात, म्हणून हा चोर सुटतो. तेव्हा "उभं करून बी मोजा जी" असे आपणच म्हणावे. डॉक्टर रागावणार नाहीत. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्रा किंवा वेळ बदलूनही पुष्कळदा भागते.

डोके ठीक, पण पाय ठरत नाहीत. हा प्रकार आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो हळूहळू येतो आणि लक्षात येत नाही. चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही. गादीवर चालल्यासारखे वाटते. तळपायाला मुंग्या येतात. साखर कारखान्याच्या पत्रकात लिहिणे जरा विचित्र वाटेल, पण याचे पहिले कारण रक्तातली साखर. मधुमेहाने पायांच्या नसा मरतात. आपली साखर तपासलेली नसेल तर उतारा काढायला तहसीलला जातो तसे एकदा दवाखान्यात जाऊन यावे.

दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध यांतून मिळते, भाजी-भाकरीतून मिळत नाही. पुणे व आसपासच्या भागातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत हे कमी आढळले. तेव्हा माळकरी, शाकाहारी सभासदांनी आणि दूध सगळे डेअरीला घालून घरात कोरा चहा पिणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे. ब-१२ फार दिवस कमी राहिले तर पाठीच्या कण्यातल्या, पायांची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या दोऱ्या खराब होतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ उतरते. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही कारणे असू शकतात, आणि सगळा दोष साखरेवर ढकलला जातो. रक्ताच्या तपासणीत हे कळते, इंजेक्शने व गोळ्या स्वस्त आहेत. पण उशीर झाला तर गेलेली जाणीव पुरती परत येत नाही.

दारूचे नाव घेतल्याशिवाय ही यादी पुरी होणार नाही. प्यालेला माणूस पडतो हे सर्वांना दिसते. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा लहान मेंदू आणि पायांच्या नसा अशा बिघडतात की तो न पिताही झुलत चालतो. गांधी-विनोबांच्या या जिल्ह्यात दारूबंदी आहे, एवढे म्हणून पुढे जातो.

फवारणीचेही तसेच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. काही कीटकनाशकांच्या जबर विषबाधेनंतर माणूस वाचतो, पण दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. म्हणून फवारणीनंतर कोणी दवाखान्यात राहून आला असेल आणि पुढे त्याची चाल बिघडली, तर औषधाचा डबा व लेबल घेऊन डॉक्टरांना दाखवावे.

विदर्भाच्या लोकांना चाल बिघडण्याची एक जुनी गोष्ट ठाऊक असली पाहिजे, ती लाखोळीची. पूर्वेकडे भंडारा-चंद्रपूरच्या धानपट्ट्यात ही डाळ पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. पाऊस नसला तरी येते, हा तिचा गुण. तोच घातक ठरला. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकिकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू गेला, लाखोळी तेवढी तरली. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. पुढे रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे, आणि पांगळेपण त्यांच्याच वाट्याला येई. मालकाला येत नसे, कारण त्याच्या ताटात गहूही होता. अंगात कळ नाही, ताप नाही, फक्त पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासतात. लोक देवाचा कोप म्हणत. १९६१ साली विक्रीवर बंदी आली, आणि १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी डाळीतले विष वेगळे काढून दाखवले. थोडी, इतर धान्याबरोबर खाल्लेली डाळ सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झाले की बाधते. ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, शंभरावर वर्षे जे पडणे "कारणाशिवाय" होते, त्याचे कारण रोजच्या ताटातच होते.

शुद्ध जाऊन पडणे. येथे थांबायचे नाही. चालता-बोलता, काम करताना माणूस एकदम बेशुद्ध पडला आणि मिनिटभरात आपोआप सावध झाला, तर हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड असू शकतो. हृदयाचा आलेख काढावा. हातपाय झटकले, जीभ चावली, कपड्यांत लघवी झाली, तर मिरगी. कांदा किंवा जोडा हुंगवून मिरगी थांबत नाही. कुशीवर करावे, तोंडात काही घालू नये. अंगारा, उतारा यांत दिवस घालवू नयेत.

आणि सर्वांत तातडीचे : एकाएकी तोल गेला, तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो लकवा समजावा. ही "हवा लागली" म्हणून तेल चोळण्याची वेळ नव्हे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी मेंदूचा फोटो काढावा लागतो. म्हणजे केळझरहून निघण्याचा वेळही त्यातच धरा. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे मृत्यूच्या कारणांत लकवा पहिला निघाला, साधारण सात मृत्यूंत एक. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत त्या आकड्याने मोडली.

हात कापणे, चाल लहान-लहान पावलांची होणे, वळताना थबकणे, अक्षर बारीक होणे अशी चिन्हे असतील तर कंपवाताचा विचार डॉक्टर करतील. मोतीबिंदूने पायरी दिसेनाशी होते. दोन नंबरांचा चष्मा लावून पायऱ्या उतरताना खालची पायरी धूसर दिसते, म्हणून केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्या वृद्धांनी उतरताना तो चष्मा काढावा किंवा मान खाली घालून पाहावे, आणि कोणाचा तरी हात धरावा.

दवाखान्यात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. उसाची नोंदवही ठेवतो तशी पडण्याची ठेवा : तारीख, वेळ, जागा, त्याआधी काय करत होतो, काय खाल्ले-प्यालो, कोणती गोळी घेतली, शुद्ध होती की नाही. पाहणाऱ्या माणसाला बरोबर न्या, कारण पडणाऱ्याला आपले पडणे दिसत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, वैद्याच्या पुड्यांसह, पिशवीत घाला. एका वृद्ध सभासदाच्या पिशवीतून तीन दवाखान्यांच्या नऊ गोळ्या निघाल्या, त्यांत एकच औषध दोन वेगळ्या नावांनी होते. ती दुरुस्ती झाली आणि त्यांचे सकाळचे पडणे थांबले. आपल्या सुदैवाने वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी अशी दोन मोठी शिकवणीची रुग्णालये आहेत. जुन्या सभासदांना आठवत असेल, १९८० च्या दशकात सेवाग्रामला गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात वर्षभर उपचार मिळवायचे, अशी योजना चालत असे. शेअरचा पैसा न भरता धान्याने केलेला तो एक सहकारच होता.

काही वेळा सगळ्या तपासण्या होतात आणि कारण सापडत नाही, किंवा पाच लहान कारणे मिळून एक होते. तरी करण्यासारखे पुष्कळ उरते. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. व्यायाम साधे आहेत. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे. चौकटीला धरून टाचा उचलणे. एका पायावर उभे राहणे. टाचेला बोट लावून, भिंतीच्या कडेने चालणे. बाजूला कोणी तरी असावे. जो पडण्याच्या भीतीने चालणेच सोडतो, त्याचे पाय दोन महिन्यांत आणखी उतरतात आणि तो अधिकच पडतो. ही भीती घरची माणसेही वाढवतात. "आजी, तुम्ही उठूच नका" म्हणणे प्रेमाचे वाटते, पण ते अर्धे बांधून ठेवणे आहे. बाया तर पडलेल्या सांगतच नाहीत. सुनेला त्रास नको, मुलगा खर्चात पडेल, म्हणून लुगड्याखाली सुजलेला गुडघा झाकून भाकरी थापत बसतात. त्यांना विचारले पाहिजे, आणि रागाने नाही.

बाज अशा उंचीची असावी की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. उठताना आधी बसावे, पाय दहा-वीस वेळा हलवावे, मग उभे राहावे. न्हाणी व संडासात भिंतीला पाइपाचा दांडा पक्का बसवावा, हा खर्च एका बॅग खतापेक्षा जास्त नाही. अंगणातले शेवाळ खरडावे. सैल सपाता सोडून मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट वापरावा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी. पुष्कळजण दुखऱ्या बाजूलाच धरतात, ते चूक आहे. चालत्या बंडीवर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर अशा माणसाने बसू नये, मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढू नये.

पडलाच, तर लगेच ओढून उभे करू नका. आधी विचारा, कुठे दुखते. पाय आखूड दिसत असेल, पंजा बाहेर वळला असेल, तर खुबा मोडला समजा आणि फळीवर घालूनच न्या. चोळणे, ओढणे, पाला बांधणे करू नका. शस्त्रक्रिया जितकी लवकर तितका माणूस लवकर चालतो. महिनोन्‌महिने खाटेवर ठेवलेला वृद्ध पाठीच्या जखमांनी आणि छातीच्या कफाने खंगतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोके आपटले असेल, तर वरून जखम नसली तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. एकटे असताना पडलात आणि मोड नसेल, तर घाई न करता कुशीवर वळा, ढोपर-गुडघ्यांवर या, रांगत बाजेपर्यंत जा, तिच्यावर दोन्ही हात टेकून एक पाय पुढे रोवा आणि मग उठा. हे घरी एकदा, बरे असतानाच, करून पाहावे.

राहता राहिले रात्रीचे ओलित. ज्याचा तोल जातो त्याने रात्री एकट्याने पाणी द्यायला जाऊ नये, हे आम्ही स्पष्ट लिहितो. एका धुऱ्यावरच्या चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या वाटून घेतल्या, तर अशा माणसाची रात्रीची पाळी दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून दिवसाचे काम घेता येते. जाणे भागच असेल तर कपाळाला बांधायची बॅटरी न्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पांदणीने जाताना घरी वेळ सांगून जावी. आणि ज्यांच्या विहिरीला अजून कठडा नाही, त्यांनी निदान पाट सुटतो त्या बाजूने तरी कमरेइतका कठडा पुढच्या तोडणीआधी बांधून घ्यावा.